मधलं पाणी

"पाढे कुठवर येतात?" मी विचारलं.

खारजुव्याच्या शाळेतला माझा पहिलाच दिवस होता. शाळा म्हणजे चिऱ्यांच्या भिंतींची एक लांबट खोली. पहिली ते चौथीची मिळून सतरा मुलं समोर बसली होती आणि बाजारात एखादा अनोळखी मासा यावा तशी सगळी माझ्याकडे बघत होती. मी तेवीस वर्षांचा होतो. गाव खटावकडचं, तिथे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसतं ते. समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला त्याला जेमतेम आठ दिवस झाले होते. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडे, आणि मुलांना माणसांत धरायचं की नाही हे माझं अजून ठरलं नव्हतं.

तिसरीतली एक सावळी, काटकुळी मुलगी उभी राहिली. गुणवंती मेस्त. तिला सगळे गुणी म्हणत.

"पाऊणकी येता," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिने सुरुवातही केली. "एक पाऊणे पाऊण, बे पाऊणे दीड, तीन पाऊणे सव्वादोन..."

चौथ्या ओळीला सगळा वर्ग तिला मिळाला. अजून अक्षरओळख नसलेली पहिलीतली पोरंसुद्धा माना हलवत म्हणत होती. "पाच पाऊणे पावणेचार, साही पाऊणे साडेचार..." करत करत "पंधरा पाऊणे सव्वाअकरा" झालं आणि एकदम शांतता.

"पुढे?" मी म्हणालो.

"फुडे नाय."

"नाही कसं? सोळा पाऊणे?"

गुणीने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं. "मास्तरानू, पंधराच्या फुडे अमाशा."

"नायतर पुनव," पहिलीतल्या एका बोबड्याने भर घातली. वर्ग हसला. तो बोबड्याला हसला नव्हता, एवढं मला कळलं.

मला राग आला नाही, पण मी गोंधळलो. आणि गोंधळलो की मी पुस्तकाचा आधार घेतो. दशांश पद्धत आल्यापासून पावकी, निमकी, पाऊणकी अभ्यासक्रमातून गेल्या होत्या. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला तसं बजावलं होतं.

"हे आता शिकवत नाहीत," मी म्हणालो. "विसरून जा."

"इसरू?" गुणीने विचारलं.

"हो. विसरा."

ही बहात्तर सालची गोष्ट. खारजुवा म्हणजे खाडीच्या तोंडाशी पसरलेलं एक बेट. तीसेक घरं, माड, थोडी खारी शेती आणि बाकी सगळं पाणी. पलीकडचा किनारा समोर दिसायचा; तिथली एस.टी. थांबली की तिचं दार आपटलेलं इकडे ऐकू यायचं. ओहोटीला मधल्या वाळूच्या पट्ट्यावरून चालत पलीकडे जाता येई आणि भरतीला द्वारकाकाकीची होडी असे. द्वारका तारी पन्नाशीची होती. नवरा गेल्यावर होडी तिनेच चालवायला घेतली होती. पाऊस लागायच्या आधी मला पहिल्यांदा बेटावर आणलं तेही तिनेच. माझ्याबरोबर कपड्यांची पिशवी एक आणि ट्रंका दोन.

"ह्यांत काय, दगड?" तिने विचारलं होतं.

"पुस्तकं."

"आणि वाचतल्यात कधी?"

"संध्याकाळी," मी म्हणालो. यावर तिने वल्हं थांबवून माझ्याकडे नीट पाहिलं होतं, काही आजार आहे का ते बघावं तसं.

पुढच्या आठवड्यापासून एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. मी किनाऱ्याच्या दिशेने चार पावलं टाकली की कुणीतरी हजर होई.

"मास्तरानू, खंय चललास?"

"जरा पलीकडे. पत्र टाकायचंय."

"थांबा, मी येतंय."

कधी गुणीचा बाप बाबल मेस्त जाळं टाकून उठायचा, कधी एखादी बाई डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवून यायची. एका रविवारी तर तिघंजण मला पोस्टाच्या पेटीपर्यंत पोचवायला आले, मी पत्र आत टाकेपर्यंत उभे राहिले आणि मला परत घेऊन आले. मी आईला लिहिलं, 'इथले लोक शिक्षकाला फार मान देतात. एकटं म्हणून जाऊ देत नाहीत.' मान कधी मिळालेला नसल्यामुळे तो कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

गणपतीच्या आसपास एकदा गुणीच माझ्याबरोबर किनाऱ्यापर्यंत आली. न राहवून मी तिला विचारलं, "तुम्ही सगळे माझ्यासोबत का येता गं?"

"तुमका पाऊणकी येत नाय, म्हणान."

"बरं, मग?"

"मगे काय? बुडशात."

तिने मला समजावून सांगितलं. सांगताना फार सांभाळून घेतलं, लहान मुलाला सांगावं तसं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. तिथ्या पंधरा, म्हणून पाऊणकीही पंधरापर्यंत. पुढे अमावास्या नाहीतर पौर्णिमा, आणि पुन्हा एक पाऊणे पाऊण. बेटावरचं मूल चालायला लागलं की आधी हे शिकतं, मग कपडे घालायला. आणि नवीन मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, विसरून जा.

मी त्या दिवशी पत्र न टाकताच परत आलो.

खरं सांगायचं तर तोवर मी बदलीचा अर्जही केला होता. तालुक्याच्या गावात एक वाचनालय होतं. तिथे आठ हजार पुस्तकं होती आणि तिथल्या शाळेत मला जागा मिळाली तर रोज संध्याकाळी तिथे बसता येणार होतं. अर्जाचं उत्तर नोव्हेंबरच्या अखेरीला आलं, पण वेगळ्याच रूपात.

पोस्टमन सरकारी पाकीट घेऊन आलेला सगळ्या बेटाने पाहिला होता. त्यामुळे पत्र द्वारकाकाकीच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत वाचावं लागलं. खारजुव्याची शाळा बंद करून मुलांना पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शाळेत घालण्याचा विचार चालू होता. मुलांना तिथवर चालत जाता येतं किंवा कसं, याची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी विस्तार अधिकारी श्री. अळतेकर सोमवारी सकाळी दहा वाजता येणार होते. शेवटी एक वाक्य होतं: शाळा बंद झाल्यास येथील शिक्षकास तालुक्याच्या ठिकाणी सामावून घेण्यात येईल. ते वाक्य मी वाचलं नाही. घडी घालून पत्र खिशात ठेवलं.

द्वारकाकाकीने बोटांवर मोजलं. "सोमवार म्हंजे पंचमी. पावणेचाराक भरती, पावणेधाक सुकती. मेलो बरोबर सुकलेल्या वाटेन येतलो! पाय भिजवीत येतलो, पाय भिजवीत जातलो आणि म्हणतलो, ह्यां कसला बेट?"

"मास्तरानू, तुमी लिवा त्येका," बाबल म्हणाला. "म्हणाचा, दुपारी येवा. पानी बघा, मगे काय ता ठरवा."

"शाळा गेली तर पोरां घराक बसतली," द्वारकाकाकी म्हणाली. "माज्या टायमाक हय शाळा नाय होती. मी अजून आंगठो लावतंय."

"लिहितो," मी म्हणालो.

तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. अधिकाऱ्याने ठरवलेली वेळ आपण बदला म्हणून कशी सांगायची? कारण विचारलं तर? हे सगळं खरंच होतं. पण पत्र फाडताना प्रत्येक वेळी मला ती आठ हजार पुस्तकंही दिसत होती. मला भीतीने थांबवलं की वाचनालयाने, हे तेव्हा सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. एवढं खरं की पत्र गेलं नाही.

सोमवारी पावणेदहाला अळतेकर साहेब वाळूच्या पट्ट्यावरून चालत आले. एका हातात बूट, दुसऱ्या हातात बॅग, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि चेहऱ्यावर सहलीला आल्याचा आनंद. किनाऱ्यावर सगळं बेट उभं होतं.

"खटावकर ना तुम्ही? अहो, ह्याला बेट म्हणता?" ते लांबूनच ओरडले. "आमच्या कोल्हापुरात पंचगंगा उन्हाळ्यातसुद्धा याहून खोल असते!"

कुणी हसलं नाही. द्वारकाकाकीने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांच्या बुटांकडे पाहिलं.

"तासाभरात आटपू," साहेब म्हणाले. "मला बाराची एस.टी. गाठायचीय. त्यानंतरची तीनला आहे."

मला वाटलं होतं तसे ते खवीस नव्हते. पंचावन्न-छप्पन्नचे, पांढऱ्या मिशांचे, आणि वर्गात पाऊल टाकताच मुलांना "बसा बसा, मी काही वाघ नाही" म्हणणारे. खुर्चीवर बसून त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि चष्म्यातून वर बघत विचारलं, "हं. भरती किती?"

त्यांना शाळेतली मुलं किती, हे हवं होतं. मी उत्तर द्यायला घसा साफ करत होतो, तेवढ्यात गुणी उठली.

"पावणेचार!"

साहेबांनी पुस्तक खाली ठेवलं. "पावणेचार? म्हणजे तीन अख्खी आणि एक पाऊण? कोण रे तो पाऊण? उभा राहा बघू!"

मागच्यांनी पहिलीतल्या बोबड्याला ढकलून उभं केलं. वर्ग खो खो हसला, साहेबही हसले.

"समुद्राची भरती, सायबानू," गुणी म्हणाली. ती तेवढी हसली नव्हती. "आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. "पाऊणकी? तुला पाऊणकी येते?"

"सगळ्यांक येता."

"म्हणा बघू!"

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग मुलांनी असा काही सूर लावला की वरची कौलं हलावीत. साहेब टेबलावर बोटांनी ताल धरून बसले. पंधराला मुलं थांबली तसे ते स्वतःच म्हणाले, "सोळा पाऊणे बारा! का थांबलात?"

"फुडे अमाशा," सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं.

तिथी, भरती, सगळं गुणीने त्यांना समजावलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "तीस वर्षांत कानावर पडली नव्हती हो. आमचे मास्तर छडी घेऊन म्हणून घ्यायचे. आणि हिचा असा उपयोग असेल हे त्या बिचाऱ्यालाही माहीत नसणार." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. साडेदहा वाजले होते. "म्हणजे पाणी येणार पावणेचारला! उत्तम. मग बाराची एस.टी. अगदी आरामात मिळते. बसू थोडा वेळ."

सतरा तोंडं एकदम उघडली. गुणी अर्धी उठली.

"पन सायबानू..."

"गुणवंती, बस खाली," मी म्हणालो.

माझा आवाज एवढा मोठा निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. गुणी माझ्याकडे बघत राहिली, मग खाली बसली. बाकीची तोंडं मिटली.

"चौथीचं वाचन ऐकता का, साहेब?" मी म्हणालो.

साहेबांनी वाचन ऐकलं. वाचन झाल्यावर त्यांना अडीचकी आठवली, ती त्यांनी मुलांना म्हणून दाखवली. मध्येच अडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पण तेवढ्यातही ते एकदा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "खटावकर, मुलं चांगली आहेत. पण वाट मी स्वतःच्या पायांनी चालून आलोय. मला खोटं लिहिता येणार नाही. तुम्हाला तालुक्याला घेऊ, काळजी करू नका."

अकराच्या सुमाराला द्वारकाकाकी दारात आली. पदराला हात पुसत होती.

"मास्तरानू," ती म्हणाली, "सायबांची जावची येळ..."

"काकी, साहेबांना चहा द्याल का?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. मग परत माझ्याकडे.

"देतंय," ती सावकाश म्हणाली. "पन लाकडां वली आसत. येळ लागतलो."

"लागू दे," मी म्हणालो.

चहा आला तेव्हा अकरा चाळीस झाले होते. साहेबांनी तो बशीत ओतून भुरकून प्यायला, मुलांची पाठ थोपटली, बूट हातात घेतले आणि आम्ही सगळे किनाऱ्यावर आलो.

वाळूचा पट्टा नव्हता. जिथून साहेब चालत आले होते तिथे पाणी होतं. संथ, तपकिरी, आणि आत घुसणारं.

"हे काय?" साहेब म्हणाले. "भरती पावणेचारला ना?"

"पुरी भरती पावणेचाराक," बाबल म्हणाला. "पानी येवक लागला धापासून. वाट सव्वाअकराक बंद जाता."

"बरं, मग होडी काढा."

बाबलने बोटाने दाखवलं. द्वारकाकाकीची होडी पन्नास हातांवर चिखलात कलंडून बसली होती. तिच्यावर एक बगळा उभा होता.

"ती कधी निघणार?"

"सव्वादोनाक."

"म्हणजे आत्ता चालत जाता येत नाही आणि होडीही नाही?"

"चलाक पानी जास्त, होडयेक पानी कमी," द्वारकाकाकी म्हणाली. "मधलां पानी म्हणतत त्येका."

"आणि मधल्या पाण्यात तुम्ही लोक करता काय?"

"बसतव."

साहेब माझ्याकडे वळले. सहलीचा आनंद गेला होता. "खटावकर, सहा महिने तुम्ही इथे आहात. तुम्ही मला सांगायला नको होतं?"

मी तोंड उघडलं. पण उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

"सायबानू, त्येंका बोल लावू नका," बाबल पुढे होत म्हणाला. "मास्तराक पाऊणकी येत नाय."

"सगळ्या बेटाक म्हायत आसा," मागून एक बाई म्हणाली. "आमी त्येंका एकट्याक सोडनव नाय."

"बुडतले खंय तरी," आणखी कुणीतरी म्हणालं.

तीस घरांची साक्ष होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या रागाची जागा कीव घेताना मला दिसली. माझ्याकडे तसं बघणारे ते पहिले नव्हते, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

मग साहेब बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. द्वारकाकाकीने सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, कढी आणि भात वाढला. दोनदा कढी घेतल्यावर माणूस फार वेळ रागावून राहू शकत नाही. जेवून त्यांनी बॅगेतून कागद काढला आणि गुणीला हाक मारली.

"इकडे ये गं. पलीकडची शाळा साडेदहाला भरते, पाचला सुटते. उद्या षष्ठी. उद्या तुम्हाला जाता येईल?"

गुणी आली, पण माझ्याकडे न बघता. "जावक येतला. जाताना चलत, येताना होडयेन."

"अष्टमीला?"

"अष्टमीक सकाळी धाक मधलां पानी."

"दशमीला?"

"मधलां."

असं करत त्यांनी प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत सगळ्या तिथ्या तिच्याकडून काढून घेतल्या. बाकीची मुलं भोवती जमून चुका काढायला टपली होती, पण चूक झाली नाही. साहेबांनी रेघ मारली आणि कागदाकडे बघत राहिले.

"पंधरा दिवसांतले सात," ते म्हणाले. "त्यात एखादा रविवार. आणि पावसाळ्यात?"

"पावसात होडी बंद," द्वारकाकाकी म्हणाली.

"म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस ही सतरा मुलं इथे बसणार. माझ्यासारखी." त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि गुडघ्यावर बॅग ठेवून तिथेच अहवाल लिहिला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. शेवटचं वाक्य होतं: सदर अडचणीचा प्रस्तुत अधिकाऱ्याने स्वतः अनुभव घेतला आहे.

सव्वादोनला होडी तरंगली. साहेबांना पलीकडे सोडायला मीही गेलो. उतरताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाळा राहिली तुमची. पण तालुक्याची जागा गेली हो. पुन्हा कधी निघेल सांगता येत नाही. तुम्हाला वाचनाचा नाद आहे असं ऐकलं होतं."

"हो," मी म्हणालो.

"आणि पाऊणकी शिकून घ्या. सोपी आहे."

"हो."

होडी परत फिरली. द्वारकाकाकी वल्हवत होती.

"कसली जागा?" तिने विचारलं.

"काही नाही. पत्रात एक वाक्य होतं. मी वाचलं नव्हतं."

"थंय पुस्तकां आसत?"

"आहेत. बरीच."

मग ती म्हणाली, "कधी शिकलंस?"

सहा महिने ती मला 'तुमी' म्हणत होती. हा 'तू' एवढा सहज आला की मी उत्तर द्यायला विसरलो.

"पाऊणकी," ती म्हणाली. "कधी शिकलंस तू?"

"गुणीने मला सांगितलं, बुडशात म्हणून. त्या रात्रीच," मी म्हणालो. "पंचांगही घेतलं. रोज शाळा सुटल्यावर मागच्या बाजूला उभा राहून पाणी बघायचो आणि घड्याळाशी ताडून बघायचो. वाट किती वाजता बंद होते, होडी किती वाजता तरंगते, सगळं वहीत लिहून ठेवलंय."

"मगे सांगूक काय झाला? माणसां आपली कामां टाकून तुज्या मागसून चलतत."

"लाज वाटली. आधी येत नव्हतं याची, आणि मग येतं हे इतके दिवस सांगितलं नाही याची."

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो; पुढचे दोन दात नव्हते.

"अकराक तू चाय मागितलंस, तेवाच माका समाजला," ती म्हणाली. "लाकडां सुकी होती."

किनारा जवळ आला तशी ती गंभीर झाली. "शाळा वाचली ता बरा झाला. पन ता चेडू, गुणी, रडता. जेवूक नाय. बापूस विचारी होतो तर म्हणता, माजा बरोबर होता आणि मास्तरानी बस म्हटल्यानी."

त्या रात्री मी वाचायला पुस्तक उघडलं, पण एक पानही पुढे सरकलं नाही. खरं सांगितलं तर सतरा मुलं ते घरी सांगणार. घरून ते होडीत जाणार, होडीतून एस.टी.त आणि एस.टी.तून तालुक्याला. साहेब भला माणूस होता. आपल्याला मुद्दाम अडकवलं हे त्याला कळलं तर तो तो अहवाल फाडून टाकेल, आणि ते योग्यच होईल. न सांगितलं तर काहीच होणार नव्हतं. एक आठ वर्षांची मुलगी एवढंच शिकणार होती की बरोबर असलं तरी मास्तर बस म्हणाले की बसायचं. तसं बहुतेक सगळीच मुलं शाळेत शिकतात. मीही शिकलो होतो.

सकाळी हजेरी घेतली. गुणी 'हजर' म्हणाली ते जमिनीकडे बघून.

"गुणवंती, उभी राहा," मी म्हणालो.

ती उभी राहिली.

"काल तू साहेबांना काहीतरी सांगत होतीस. ते बरोबर होतं. मला ते माहीत होतं. मी तुला मुद्दाम गप्प बसवलं, कारण साहेब इथे अडकायला हवे होते. साहेबांना ते कळलं तर शाळा जाईल. तरी तुला गप्प बसवलं हे माझं चुकलं."

एवढं लांब वाक्य मी त्या खोलीत आजवर पुस्तकाशिवाय बोललो नव्हतो.

गुणीने थोडा विचार केला. मग रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, हात मागे बांधून, खणखणीत आवाजात म्हणाली, "सायबानू, भरती पावणेचाराक, पन वाट सव्वाअकराक बंद जाता. आताच उठा." आणि मागे वळून वर्गाला म्हणाली, "ह्यां कोणी घराक सांगलास तर बघा."

कुणी सांगितलं नाही. मी पुढे अकरा वर्षं तिथे होतो. तोवर त्यातल्या काहींची लग्नंही झाली, पण ती गोष्ट कधी पाण्यापलीकडे गेली नाही.

त्या सकाळी मात्र गुणी खाली बसायला तयार नव्हती. कमरेवर हात ठेवून ती माझ्याकडे बघत होती.

"म्हंजे तुमका पाऊणकी येता?"

"येते."

"मगे आता फुडची दीडकी शिकवा. कित्या नाय शिकवणत?"

खडू हातात घेऊन मी फळ्यापर्यंत गेलो, आणि तसाच परत आलो.

"दीडकी मला येत नाही," मी म्हणालो.

हे मात्र अगदी खरं होतं.